तांडेलाच्या वतीने फासा

करंजाडे,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दमयंतीमावशीस,
अनुयाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ते मशीन तू कानाला लावत नाहीस, म्हणून कागद. कोंबड्या बऱ्या आहेत ना?

प्रितेशदादाची होडी उलटून सात महिने झाले. बरोबरचा त्याचा मित्र परेश पोहत आला, दादा आला नाही. देह सापडला नाही म्हणून आई क्रियाकर्म करू देत नाही, हे तुला ठाऊक आहेच. आता नवीनच सुरू झालंय. दादाने मित्रांसाठी गोष्टींचा खेळ बनवला होता, आठवतं? सगळे नियम एका कागदावर. प्रत्येकाने गोष्टीतला एक माणूस व्हायचं, परेशने गोष्ट सांगायची, अडलं की एक फासा टाकायचा. पाच-सहा आले की मनासारखं होतं. तीन-चार आले की होतं, पण काहीतरी गमवावं लागतं. एक-दोन म्हणजे नाहीच. गैरहजर खेळाडूचा फासा दुसऱ्याने टाकायचा. आणि आपल्या माणसाच्या मरणाला आपण हो म्हटल्याशिवाय तो मरत नाही. दादा त्यात गलबत हाकणारा तांडेल होता.

काल दुपारी पोरं पुन्हा जमली. आई चहा घेऊन आली ती दादाच्या खुर्चीतच बसली. तांडेल जिवंत आहे का, म्हणून फासा टाकला. सहा पडले. परेशने मान खाली घालून सांगितलं की तांडेल परतीच्या वाटेवर आहे. मेल्याला दुसरं काही सुचलं नाही! आज आईने दादाचं ताट वाढलं. खरं सांगू, जिन्यात पावलं वाजली की आता मीही उठते. मला फार भीती वाटते गं.

तुझी माया आहे तशी राहू दे.
अनुया

चिरनेर,
१ नोव्हेंबर

चि. अनुयास,
मावशीचे अ. आ.

कोंबड्या मस्त हायत, तुझ्याआधी उठतात. त्या मशीनचं नाव काढू नको, कानात गिरणी चालते.

परेशला शिव्या घालू नको. त्याच्या जागी मी असते तर मीपण तेच बोलले असते. आणि आईला अडवू नको. पोरगा गेलाय हे हौसाला कळत नाय असं वाटतं तुला? तिला काहीतरी विचारायचं हाय आणि विचारायला पोरगा नाय. ती आपणहून हो म्हणेपर्यंत क्रियाकर्माचा विषय काढू नको, नुसती बाजूला बस. जिन्यातल्या पावलांना मात्र हाक मारायची नाय.

जेवत जा. फोटोत हाडं दिसतात.
इथून कुशीत घेते,
दमयंती

करंजाडे,
१० नोव्हेंबर

ती. दमयंतीबायस,
हौसाचा शि. सा. न.

अनुयाने तुला कळवलंय ते ठाऊक हाय मला. तुझा कागद टेबलावर उघडा टाकते, लपवाछपवी काय जमायची तिला!

काल पोरं आली. मी प्रितेशच्या खुर्चीत बसले नि तांडेलाच्या तोंडून परेशला सांगितलं की होडी उलटली तेव्हा मीच तुझा हात सोडला, तुझ्यावर राग नाय. बाय, मला त्या पोराला नुसतं मोकळं करायचं होतं. सात महिने माझ्याकडे बघत नाय तो. तर परेशने टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके देत सांगितलं की हात प्रितेशने नाय, त्याने सोडला. प्रितेशने घट्ट धरला होता, दोघंही खाली चालले होते. एकेक बोट सोडवलं म्हणाला.

पंखा बंद होता, तरी माझ्या मानेला ओला वारा लागत होता. खुर्चीत मी एकटी नव्हते, शपथेवर सांगते. परेशला माफ केलंस का, असं विचारून मी प्रितेशच्या वतीने फासा टाकला.

एक पडला.

मी पुन्हा टाकला नाय. नियम त्याचेच. मग तांडेल गेला, असं मी माझ्या तोंडाने म्हटलं. अनुया केवढ्याने रडली! मला रडायलाच आलं नाय.

येत्या अमावास्येला दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करू. अग्नी परेश देईल. भावकी ओरडेल, तिला तू गप्प कर. परेश विचारत होता, प्रितेश नाय म्हणाला ना, मग कसं? मी त्याला सांगितलं, पोरा, नाय म्हणणारा मेलाय. त्याची आई अजून जिती हाय.

धाकटीवर जीव असू दे. लवकर ये.
हौसा