गार्गीला कोणी निवडलं

मरीन परेड, सिंगापूर
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय मीनलताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय? अभय सकाळीच सायकल घेऊन ईस्ट कोस्टला गेलाय. कादंबरी आतल्या खोलीत आहे आणि कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. का, ते पुढे येईलच.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. मध्येच उठून दोनदा चहा केला, एकदा कपडे वाळत घातले. फोन करता आला असता, पण फोनवर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणतेस आणि मग ते खरंच राहून जातं.

मी नक्की काय काम करते, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांच्या जनरल मॅनेजरांना मी गुण देते. हा माणूस खेळत नाही, शिकवतही नाही. कुणाला संघात घ्यायचं आणि कुणाला सोडायचं, एवढंच ठरवतो. त्याच्या काळात संघ अपेक्षेपेक्षा किती सामने जास्त जिंकला, यावरून आमची यादी लागते. चार वर्षांपूर्वी आमच्या यादीत तळाला असलेल्या एका मॅनेजरला संघाने काढून टाकलं. त्याने अठरा वर्षांची असताना हेरलेली मुलं आता तयार होऊन धडाधड जिंकताहेत, आणि यंदा आमच्या यादीत पहिला कोण, तर त्याच्या जागी आलेला माणूस. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "कुठेतरी रेघ मारावीच लागते."

ती रेघ मीच मारली होती. सूत्र माझंच आहे.

मे महिन्यात तू आपल्या जिल्ह्याच्या सॉफ्टबॉलच्या मुलींचा चषकासोबतचा फोटो पाठवलास. खाली एवढंच, "पोरी जिंकल्या." नऊ वर्षं ज्या संघाची तू मॅनेजर होतीस, त्याच्या फोटोत तू नव्हतीस. मी अंगठा पाठवून मोकळी झाले. काल तो फोटो कादंबरीच्या हाती लागला. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो होतो तेव्हा ती तुझ्याबरोबर मैदानावर येऊन बसायची ना, तिने लगेच ओळखलं. "ही गार्गीताई. ही चैत्रालीताई. मावशीने सिलेक्ट केलेल्या. मग मावशी कुठेय?"

मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी जिल्हा निवड समितीने मॅनेजर बदलला. अहवाल वाईट आला होता.

"हू रोट द रिपोर्ट?"

तिला खोटं सांगता आलं नाही. तुलाही आता सांगते. ताई, तो अहवाल मी लिहिला होता.

समितीच्या सुलेखाबाईंनी सिंगापूरची तज्ज्ञ म्हणून मला विचारलं. नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, सख्ख्या बहिणीलाही मी आकड्यांनीच मोजते, यातच माझा प्रामाणिकपणा आहे. तुला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जास्तच कडक झाले, आणि वर माझं नाव घालू नका म्हणाले. हा कसला प्रामाणिकपणा, ते मला अजून कळलेलं नाही.

तीन वर्षांतले सव्वीस सामने घेतले. त्यातले आठ तुम्ही एकेका रनने हरला होता. नशिबाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. तेरा वर्षांच्या पोरीला सोळाची व्हायला तीन वर्षं लागतात, हेही त्यात कुठे बसत नव्हतं. मी लिहिलं, "निवडीत सातत्य नाही." हे वाक्य तू मला फोनवर वाचून दाखवलंस आणि विचारलंस, "क्षिप्रा, तुला आकड्यांतलं कळतं. खरं असेल का गं हे?" मी म्हटलं, "आकडे सहसा बरोबर असतात, ताई."

त्यानंतर तू मैदानावर गेली नाहीस. मला माहीत आहे.

कादंबरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत एवढंच म्हणाली, "यू नेव्हर काउंट हू चोज देम? नॉट फेअर, लाह." आणि दार लावून घेतलं.

तिनेच मग दाराआडून शेवटची एक आठवण करून दिली. निवडीच्या दिवशी गार्गीने तिन्ही कॅच सोडले होते, तरी तू तिला घेतलंस. कादंबरीने कारण विचारलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, कॅच सुटल्यावर पोरगी कुठे बघते ते बघायचं. जी आपल्या तोंडाकडे बघते तिला घरी पाठवायचं. जी बॉलमागे धावते ती आपली. अंतिम सामन्यातला शेवटचा कॅच गार्गीनेच घेतला.

लहानपणी माझा कॅच सुटला की मी तुझ्याकडेच बघायचे.

आज सकाळी मी समितीला पत्र पाठवलं, माझ्या नावानिशी. अहवाल माझा होता, सूत्र चुकलं होतं, आणि या संघातल्या अकरा मुली मीनलताईने निवडलेल्या आहेत, असं त्यात लिहिलंय. प्रत सोबत आहे. ते काही करतील की नाही, ठाऊक नाही. ते पाठवून झाल्यावरच तुला लिहायला बसले.

या वेळी आधी बॉलमागे धावले, ताई. आता तुझ्याकडे बघते आहे.

तुझी,
क्षिप्रा