दोरी धरणाऱ्याचा श्वास

मिरजोळे, रत्नागिरी
८ डिसेंबर २०२४

ती. सानिकावहिनीस,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

रघूदादा गेल्याची बातमी ज्या मोबाइलवर आली तो तुम्ही बंद करून फडताळात टाकलात, त्यामुळे पत्रच लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

हर्षद आमच्याकडे आला तेव्हापासून नुसता बसून असतो. वाढलं की जेवतो, नाही विचारलं तर पाणीही मागत नाही. सख्खा भाऊ असून पाहुण्यासारखा वागतो, मला तर चीड येते. छातीत कोंडल्यासारखं होतं म्हणाला म्हणून ह्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. छाती ठीक आहे, मनावर ताण आहे, श्वासाचे व्यायाम करू द्या, असं ते म्हणाले. आमच्या समाजमंदिरात तेजस्वी मॅडम रोज सकाळी ते शिकवतात. मीही सोबत जाते. श्वास हळू घ्यायचा, जमेल तेवढा थांबवायचा, मग त्याहून हळू सोडायचा. मन त्या श्वासावर ठेवायचं म्हणे. माझं मन गॅसवर ठेवलेल्या कुकरकडे असतं.

पण वहिनी, आपला हर्षद वर्गात पहिला! थांबा म्हटलं की आम्ही बायका लगेच फुस्स होतो, हा मात्र डोळे मिटून तसाच. मॅडमनी सगळ्यांना त्याच्याकडे बघायला सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं झालं, म्हणून येताना मी जिलेबी आणली.

तुम्ही नीट जेवता ना? चार ओळी का होईना, पाठवा. इकडे वाट बघतोय.

तुमची,
योगिनी


हर्णे
१४ डिसेंबर २०२४

प्रिय योगिनीताई,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी जेवते. संध्याकाळी लिलावाला जाते, मासळी घेते, सकाळी वाळत घालते. बायका येऊन बसतात. मला रडू येत नाही याची त्यांना काळजी वाटते. बर्फातली मासळी निवडताना बोटं जशी आपली राहत नाहीत, तशी मी सगळीच झाले आहे. दुखत मात्र काही नाही.

तुम्ही लग्न होऊन लवकर गेलात, बोटीवरचं तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. पंख्यात जाळं अडकलं की एकजण सुरी घेऊन बोटीखाली जातो. त्याच्या कमरेला दोरी असते. वर दोरी धरणारा त्याच्याबरोबरच आपलाही श्वास धरतो. आपला दम संपला म्हणजे खालच्याचाही संपला असं धरून ओढायचं. मामंजींनी दोघा भावांना हेच शिकवलं होतं.

त्या दिवशी ह्यांना खोकला होता, तरी हेच उतरले. भावोजींचा दम पहिल्यापासून मोठा. त्यांनी नियम पाळला, स्वतःचा दम संपल्यावर ओढलं. ह्यांचा त्याआधीच संपला होता.

वर्गात भावोजी व्यायाम करत नाहीत, ताई. अजून दोरी धरून बसले आहेत. त्यांना श्वास थांबवायला लावू नका. हे मी घाबरून लिहीत नाही. इथे घाबरायला हवं एवढं अजून कळतं, म्हणून लिहिते.

सर्वांना नमस्कार. माया राहू द्या.

सानिका


मिरजोळे
२० डिसेंबर २०२४

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं त्याच्या आदल्याच दिवशी हर्षद वर्गात बेशुद्ध पडला. मला मेलीला वाटलं, किती छान जमतंय! जिलेबी आठवली की अंगावर काटा येतो. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं आणि मनाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. तेजस्वी मॅडम घरी येऊन रडल्या. आता त्या त्याला थांबायला सांगत नाहीत, नुसता श्वास सोडायला शिकवतात. तो अर्धा सोडतो आणि अडतो.

काल जेवताना बघते तर घास हातात, श्वास छातीत आणि ओठ काळे पडत चाललेले. पाठीत धपाटा घातला तेव्हा सुटला. मग मी खूप बोलले त्याला. रागावले, रडले. तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. दादाला खाली कसं झालं असेल ते बघतो, म्हणाला. आणि वहिनी एका शब्दानेही बोलली नाही, असंही म्हणाला.

वहिनी, मला हा भाऊही गमवायचा नाही. तुमच्यावर राग नाही, अशी एक ओळ त्याला लिहा. तुमच्या शब्दाने तो सुटेल. पाया पडते.

तुमचीच,
योगिनी


हर्णे
२६ डिसेंबर २०२४

चि. हर्षदभावोजींस,
सानिकाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्यावर राग नाही अशी एक ओळ लिहायला योगिनीताईंनी सांगितलं. लिहिली. खोटी वाटली, फाडून टाकली. मग राग आहे असं लिहिलं. तेही खोटंच होतं. मला अजून काहीच आलेलं नाही, भावोजी. बाराव्याला सगळे रडत होते आणि मी चहाचे कप उचलत होते. म्हणून तुम्हाला एका शब्दाने बोलले नाही. बोलायला आत काही नव्हतं.

पण जन्मभर असं राहत नाही, एवढं मला कळतं. कधीतरी राग येईल. खोकला असताना उतरले म्हणून ह्यांच्यावर येईल. दोरी लवकर ओढली नाहीत म्हणून तुमच्यावर येईल. नियम काय होता ते मला माहीत आहे, तरी येईल. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तुम्हीही गेलात तर मी भांडू कुणाशी?

डॉक्टर आणि मॅडम सांगतात तसं करा. श्वास पुरता सोडा, की पुढचा आपोआप येतो. मला माफ करता येईल का, ते आज सांगता येत नाही. पण राग येईल त्या दिवशी मी एसटी धरून मिरजोळ्याला येणार आणि तुमच्या तोंडावर सगळं बोलणार. त्या दिवशी दार तुम्ही उघडायचं.

लोभाचं तेव्हाच बोलू.

तुमची वहिनी,
सानिका