दोन झाकणं आणि एक लोखंडी कपाट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (हातमोजे काढून, साबणाने हात धुऊन) नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींची पाठ ठिकाणावर असेल आणि आईचं माझ्या लग्नाबद्दलचं बोलणं अजून संपलं नसेल, असं धरून चालतो. माझं ठीक आहे. नोकरी गेल्या आठवड्यात जाता जाता राहिली, तेच सांगायला बसलोय. हे पत्र कपाटाबद्दल नाही. (तीन वर्षांपूर्वी माझं लोखंडी कपाट जिन्याने वर चढवताना दुसरं टोक तू धरलंस, तेव्हा तुला दुसरा महिना होता, आठवड्याभरात तुझं बाळ गेलं, आणि घरादाराने कपाटाला बोल लावला. तू स्वतःला लावलास, मी मला. तेव्हापासून मी तुला साधा पेलाही उचलू देत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.) तर कपाट राहू दे.

आई शेजारणींना सांगते की मी उंदीर पाळतो. खोटं नाही, पण आम्ही खरं तर उंदरांचे गर्भ बघतो, तेही पहिल्या चार दिवसांचे, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, जोडीजोडीने. उंदराची चाळीस, आपली सेहेचाळीस. (हो, सहाच जास्त. भाऊजींना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.) पेशीचे दोन भाग होताना कधीकधी वाटणी चुकते आणि एखादं गुणसूत्र जास्तीचं येतं. मग त्याच्यावरची जनुकं साधारण दीडपट कामाला लागतात. समज, भाजीत मीठ घालायचं काम तुझं आणि आईचं, अर्धं अर्धं. तिथे आत्या येते आणि न विचारता आपलाही वाटा घालते. भाजी तर बिघडतेच, पण मग घरभर जी धावपळ सुरू होते तिच्यात ज्यांचा मिठाशी काडीचा संबंध नाही तेही ओरडायला लागतात. पेशीतही असंच होतं, इतर गुणसूत्रांवरची जनुकंसुद्धा गडबडतात! मला तर हे कळल्यापासून जेवताना दुसरं काही सुचत नाही.

आता माझा पराक्रम. औषध देऊन मुद्दाम वाटणी चुकवलेले गर्भ एका डिशमध्ये होते, धडधाकट दुसरीत. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात की नाव डिशच्या बुडाला लिहायचं, झाकणावर कधीही नाही, कारण झाकण इकडचं तिकडे होतं. मी झाकणावर लिहिलं. (बुडाला लिहायला डिश उलटी करावी लागते, आणि मला आठवण झाली ती डिश भरल्यावर.) मग दोन्ही झाकणं काढून शेजारी ठेवली, तेवढ्यात शिंक आली, तोंड फिरवलं, आणि परत बघतो तर कुठलं कुठल्याचं, देव जाणे. अंदाजाने ठेवली आणि गप्प बसलो. म्हटलं, उद्या डोळ्यांना दिसेलच. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपला तासभर डोळा लावला, तर दोन्हीकडचे अगदी सारखेच गोजिरे.

शेवटी बाईंना सांगून टाकलं. (बाई म्हणजे आमच्या प्रमुख. चष्म्याच्या वरून बघायला लागल्या की माणूस आपोआप खरं बोलतो.) त्याआधी टेबलाचा खण रिकामा करून ठेवला होता. बाई रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या की थोड्या गर्भांची जनुकं तपासू, तीच सांगतील कोण कुठला ते. तपासली, तर फरक काही दिसेना. कारण सुरुवातीला गर्भ स्वतः रांधतच नाही, आईने अंड्यात बांधून दिलेल्या डब्यावर त्याचं भागतं. डबा संपून स्वतःची चूल पेटली की मग आत्या प्रकट होते. चौथ्या दिवशी एका डिशमध्ये ती प्रकट झाली, कुठे जनुकं दीडपट, कुठे गुणसूत्र कमी पडलं तिथे निम्मी, आणि बिघडलेल्या पेशी एकेक करून मागे पडत होत्या. आणि निघालं काय? झाकणं पहिल्यापासून बरोबरच होती. मी मुकाट्याने खण पुन्हा भरला.

बाई खुशीत होत्या, तेवढ्यात तीन वर्षं पोटात ठेवलेलं विचारून घेतलं, की माणसांतही असं होतं का. म्हणाल्या, सर्रास. पहिल्या काही आठवड्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ती चूक बहुतेकदा अगदी सुरुवातीची, दिवस राहिल्याचं कळायच्याही आधीची. मग मी विचारलं, एखादीने जड कपाट उचललं असेल तर? बाईंनी चष्मा काढला.

"कपाट उचलून गुणसूत्रं वाढत नाहीत," त्या म्हणाल्या. "बहीण का?"

मी हो म्हटलं आणि डिश धुवायला निघून गेलो. (त्या डिश धुवायच्या नसतात, टाकून द्यायच्या असतात. तरी धुतल्या.)

ताई, तुझ्या वेळी कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे नेमकं काय झालं ते आता कळायचं नाही. पण बाळ कपाटाने गेलं नाही, तुझ्यामुळे नाही, आणि माझ्यामुळेही नाही. हे लिहिताना मला रडू आलं, ते शाई पसरलीय त्यावरून कळेलच.

भाऊजींच्या पाठीला आणि आईच्या चिकाटीला माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. आत्या घरी असेल तर मिठाचा भाग गाळ.

आणखी एक ता. क. : येत्या रविवारी मी खोली बदलतोय. कपाट तेच, जिनाही तसाच. दोघे शेजारी मदतीला तयार आहेत, पण त्यांना नको म्हटलंय. दुसरं टोक धरायला येशील?