उशिराचा ठोका

मेम्फिस, टेनेसी
४ जून १९६७

ती. अर्लीनताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल. मुरंबा पोस्टाने पाठवू नकोस म्हणून लिहिलं होतं, तरी पाठवलासच. बरणी फुटली. आमच्या ऑर्गनवाल्या क्लीव्हनने काचा बाजूला काढून खाल्ला आणि तो अजून जिवंत आहे, म्हणून तुला कळवतो की मुरंबा उत्तम होता.

पत्रास कारण की, येत्या शुक्रवारी दुपारी चार वाजता रेडिओ लाव आणि आईला समोर बसव. ती प्रवचनाशिवाय काही ऐकत नाही हे मला ठाऊक आहे, पण एवढ्या वेळी ऐकव. त्या दिवशी रेडिओवर मी बोलणार आहे! तीन वर्षं झाली ताई, त्या जुन्या बर्फाच्या गोदामातल्या स्टुडिओत मी ड्रम वाजवतो. पन्नासेक रेकॉर्डवर माझे हात आहेत आणि एकाही पाकिटावर माझं नाव नाही. गाणाऱ्याचं नाव मोठं, मालकाचं बारीक, आणि आम्ही वाजवणारे कुठेच नाही. मागे घरी आलो तेव्हा न्हाव्याच्या दुकानात आपल्या चर्चचे डीकन सिम्स सगळ्यांना सांगत होते की टार्व्हरांचा मुलगा स्टुडिओत झाडू मारतो. तू हसलीस, मला नाही हसू आलं.

आता आमच्या नव्या गाण्यातला माझा ठोका सगळ्यांच्या तोंडी आहे. पहिला वेळेवर, दुसरा किंचित मागे. रेडिओवाल्याने विचारलं, हा वाजवतो कोण, आणि क्लीव्हनने माझं नाव सांगितलं. हा ठोका आला कुठून ते मी तिथे सांगणार आहे. आईसाठी गंमत आहे, आधी काही बोलू नकोस.

आईला नमस्कार. तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेला,
हर्शेल


होली स्प्रिंग्ज, मिसिसिपी
१३ जून १९६७

चि. हर्शेल यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची पद्धत म्हणून लिहिला. मनात काय आहे ते खाली वाच.

तू सांगितलंस तसं केलं. चर्चमधल्या चौघी बोलावल्या, कोंबडी तळली, केक केला. आईने सणासुदीला घालावीत तशी मोत्याची कानातली घातली. तुझा आवाज आला तेव्हा तिने माझा हात धरला, तो अजून दुखतोय. मग त्या माणसाने ठोक्याचं विचारलं आणि तू हसत हसत सांगितलंस की आपली आई लंगडते, तू लहानपणी लाकडी ओसरीच्या फळ्यांखाली पडून वर तिची पावलं ऐकायचास, एक वेळेवर, दुसरं फरपटत उशिरा, आणि तेच तू ड्रमवर ठेवलंस. तो माणूस किती हसला! चौघी बशीतल्या केककडे बघत बसल्या. आई उठली, सगळ्यांच्या बश्या गोळा करून आत घेऊन गेली. कुणाचंच खाऊन झालं नव्हतं.

हर्शेल, तुझी अक्कल मेम्फिसला कुणी काढून घेतली का? बावीस वर्षं ती चर्चच्या दारावर उभी आहे. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, लोकांना जागा दाखवणं, हातपंखे वाटणं. अशर मंडळाची ती मुख्य. तिच्या पायाबद्दल आपल्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला आहे का? रविवारी ती चर्चच्या बाकांमधल्या वाटेने पुढे निघाली आणि तरुण मुलांच्या गायकवृंदात कुणीतरी बाकावर तुझा ठोका धरला. तिच्या पावलावर पाऊल. ती अर्ध्यातूनच वळली. सोमवारी पोशाखाला खळ घातली, इस्त्री केली, आणि पाळकांच्या बायकोकडे नेऊन दिला.

तुझ्याबद्दल विचारत नाही, बोलतही नाही. काय ते तू बघ.

रागावलेली पण तुझीच,
अर्लीन


मेम्फिस
२५ जून १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. आईला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. तिने ती उघडली तरी का, तेवढं कळव.

तिची थट्टा करायची नव्हती गं. त्या माणसाने माझं नाव घेतलं, पहिल्यांदा कुणीतरी घेतलं, आणि मला वाटलं, आता असं काही सांगावं की होली स्प्रिंग्जमधल्या एकालाही शंका उरू नये. ओझेला टार्व्हरच्या मुलाशिवाय हे कुणाला माहीत असणार? एवढाच विचार होता. तो ठोका वाजवताना मला घर आठवतं, ते मात्र सांगायचं राहिलं. जे सांगायला नको होतं तेच सांगून आलो.

आता शिक्षा ऐक. मालक मिस्टर राल्स्टन यांनी नवी गायिका आणली आहे, मोठा आवाज आहे बाईचा. त्यांना तिच्या गाण्याला तोच ठोका हवाय. मी बसतो, मोजतो, आणि दुसऱ्या ठोक्यापाशी माझा हात आपोआप वेळेवर पडतो. आई बश्या उचलताना दिसते. सोळा वेळा वाजवलं, सोळाही वेळा सरळ. क्लीव्हन म्हणाला, तू तर लष्करात भरती झाल्यासारखा वाजवतोयस. पुढच्या महिनाअखेरीस शिकागोहून दुसरा ड्रमवाला येतोय. त्याला जमलं तर माझ्या खुर्चीवर तो बसेल.

आईला विचार. ती नको म्हणाली तर मी तो ठोका आयुष्यात पुन्हा वाजवणार नाही, खुर्ची गेली तरी. पण तिने काहीतरी म्हणावं.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
हर्शेल


होली स्प्रिंग्ज
१० जुलै १९६७

चि. हर्शेल यास,
अ. उ. आ. (या वेळी मनापासून.)

पत्रं तिने उघडली आहेत. बायबलमध्ये ठेवली आहेत, कुठल्या पानात ते बघायची माझी हिंमत नाही.

तुझं म्हणणं तिला वाचून दाखवलं. तिने वाटाणे सोलणं थांबवलं नाही. पण काल चर्चमध्ये एक प्रकार झाला. चर्चमधल्या म्हाताऱ्या मदर पिट्स तुला आठवतात ना, दोन्ही डोळे गेलेल्या? प्रभुभोजनाच्या वेळी आई त्यांना हाताला धरून पुढे नेते. काल दुसरीच एक मुलगी त्यांना न्यायला गेली. मदर पिट्स उठेनात. सगळं चर्च शांत असताना त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं की ओझेला वारली आणि मला कुणी कळवलंही नाही का. आई सर्वांत मागच्या बाकावर तपकिरी कपड्यात बसली होती. तिला मोठ्याने सांगावं लागलं की मी जिवंत आहे. त्यावर म्हातारीने झापलं की मग बसलीस काय, तुझी पावलं आल्याशिवाय मी उठायचं कधी हे मला कसं कळणार. लोक हसले, आईला मात्र हसू आलं नाही. ती उठली आणि तपकिरी कपड्यातच जाऊन त्यांना पुढे घेऊन गेली.

घरी आल्यावर तिने तुझी रेकॉर्ड मागितली. मी ती पिठाच्या डब्यामागे लपवली होती, तिला जागा ठाऊक होती. इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून तिने तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात दोन पावलं चालून पाहिली. मग कागद मागितला. तिचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. म्हणजे पहिल्या दोनच ओळी वाचल्या.

तुझी,
अर्लीन


होली स्प्रिंग्ज
९ जुलै १९६७, रविवार

चि. हर्शेल यास,
आईचे आशीर्वाद.

तू बोललास ते मला लागलं. लागलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि आज रविवार आहे.

मी सतरा वर्षांची असताना कापसाच्या गाडीवरून पडले. उजवा पाय मोडला आणि वाकडा जुळला. तू चार वर्षांचा असताना मी अशर व्हायचं ठरवलं, तेव्हा चर्चमधले म्हणाले की दारावर लंगडी बाई शोभत नाही. म्हणून मी एक वर्ष रोज आपल्या ओसरीवर चालायचा सराव केला, इकडून तिकडे, कुणाला कळू नये असं चालता येईपर्यंत. तू खाली पडून ऐकत होतास ते माझं लंगडणं नव्हतं बाळा. ती माझी शिकवणी होती. चर्चमधल्या वाटेवर गालिचा आहे, त्यामुळे आवाज होत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले. आज कळलं की मदर पिट्सना पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. मग मी लपवत होते ते कुणापासून, कोण जाणे.

आता तुझी रेकॉर्ड. तीनदा ऐकली. चूक आहे. तू दुसरा ठोका दमून मागे पडल्यासारखा वाजवतोस. माझा उजवा पाय कधी दमला नाही. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो, आणि डावा पाय त्याच्यासाठी थांबतो. मी वर्षभर शिकले ते थांबणंच. तेव्हा थांबायचं पहिल्या ठोक्याने. दुसऱ्याला त्याच्या वेळेला येऊ दे, त्याला ओढू नकोस. करून बघ.

मिस्टर राल्स्टनना माझा नमस्कार सांग आणि सांग की हा ठोका वाजवायला माझी परवानगी आहे, पण फक्त तुला. शिकागोच्या माणसाने आपल्या आईचा वाजवावा.

या महिन्याच्या चौथ्या रविवारी अशर मंडळाचा वार्षिक दिवस आहे. पांढरा पोशाख मी उद्या परत आणते. पाळकांना सांगितलं आहे की त्या दिवशी वाटेवरचा गालिचा काढून ठेवा. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, धुवायला झालाय. तू शनिवारीच ये. चर्चच्या ड्रमवर तू बसायचं. मी दारापासून वेदीपर्यंत चालेन आणि तू माझ्या पावलांवर वाजवायचंस, सगळ्यांदेखत. घाई करू नकोस. मी पुढे जाईन, तू माझ्यामागून ये.

माया होती तिथेच आहे, तिला काही झालेलं नाही.

तुझी आई,
ओझेला टार्व्हर