साहेबांची खुर्ची आम्ही का नेली

डिचोली, शुक्रवार

तीर्थस्वरूप सगुणमामांस, विनोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि इब्रामपूरची नवी गाय, तिघांचेही बरे चालले असेल. माझी प्रकृती उत्तम. डोके मात्र तापले आहे.

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात पुण्याहून नवे मॅनेजर आलेत. कामगार कशाने खूष राहतो, याचा कोर्स करून आलेत (आम्हाला विचारले असते तर कोर्स वाचला असता). आल्या आल्या त्यांनी आम्हा बायकांना ‘मी समाधानी आहे’ असे छापलेले बिल्ले वाटले, आणि आम्ही ते लावण्यात गुंतलो असताना पॅकिंगमधली स्टुले उचलून नेली. उभा माणूस तरतरीत राहतो म्हणे! (गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, आमचा बसण्याचा गेला.)

माझ्या शेजारी पार्वती असते, गडहिंग्लजकडची, नवरा बांधकामावर. तिला सातवा महिना. बुधवारी बाटल्या खोक्यांत भरता भरता ती भिंत धरून खाली सरकली. पाणी पाजले तर म्हणते, “काय न्हाई गं, जरा गरगरलं. साहेबास्नी सांगू नगंस.” छातीवर बिल्ला तसाच. समाधानी! मामा, माझे पित्त असे खवळले की मी सरळ केबिनमध्ये गेले. साहेब फाइल शोधायला कपाटाशी उठले होते. त्यांची चाकांची खुर्ची मी ढकलत पॅकिंगमध्ये आणली आणि पार्वतीला तीत बसवले. साहेब मागून धावत.

“हे काय चाललंय?”

“तुमकां तरतरीत करतां, साहेब!”

बायका आधी हसल्या, मग कोणी कामाला हातच लावीना. पार्वती घाबरून उठू लागली, तर कारापूरच्या देवकीने तिला खांदा दाबून बसवले.

दुसऱ्या सकाळी स्टुले परत आली. खुर्ची मात्र पार्वती बाळंतपणाला जाईपर्यंत सोडायची नाही, असे बायकांनी ठरवले आहे. साहेब आता टेबलाशी उभे असतात. तरतरीत काही दिसत नाहीत. मला म्हणतात, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर घरी बस. माफी मागते माझी वहाण! असली नोकरी मी लाथाडणार.

मामीला नमस्कार.

तुमची संतापलेली भाची,
विनोदिनी

ता.क. लाथाडण्याचे खरे धरू नका.

आणखी एक. आईला सगळे कळले आहे. ‘घरीच बस, वाळपईचे स्थळ बघूया’ म्हणते. तिला तुमचाच शब्द पटतो. रविवारी येऊन सांगा, पोरीला कामावर जाऊ दे म्हणून. मला तिथे आवडते, मामा. जेवणाची घंटा झाली की आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागतो, आणि तिथे मला कोणी अमक्याची मुलगी म्हणत नाही, विनोदिनी म्हणतात. माफी मी सोमवारी मागणार आहे. खुर्ची देणार नाही.