वळणावरची पट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

टेकडीच्या वळणावरचा लोखंडी कठडा पुन्हा घासलाय. महिन्याभरात दुसऱ्यांदा, त्याच जागी. पट्टीवर पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा, एक खांब जरासा कललेला. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही.

लंबू – माझा जोडीदार, आमच्या कठडे दुरुस्त करणाऱ्या टोळीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात आळशी – म्हणाला, "कुणीतरी म्हातारा असणार. हळू घासत गेलाय."

त्याला गप्प केलं. ब्रेक मारला नाही म्हणजे लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं म्हणजे हातात फोन. तरणाताठा पोरगा, दुसरं काय! मला हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. मोडके कठडे बघून बघून शिकलोय. ओरखडा बघितला की गाडी कशी आली ते मी सांगू शकतो.

लंबूने नट जीव खाऊन आवळला होता. परत ढिला करायला लावला. "पडेल की हो खांब, वस्ताद." अरे, पडायलाच हवा! धक्का बसला की खांब सुटून पडावा, पट्टीने तेवढं वाकत ताणून धरावं, आणि गाडी कडेकडेने सरकत थांबावी. कठडा मोडला आणि माणूस चालत घरी गेला, की आपलं काम झालं. हे समजावता समजावता माझे केस गेले.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबा जेवायला आले होते. गाडी नेहमीसारखी आमच्या भिंतीला चिकटवून लावली – डाव्या बाजूला जेमतेम हात जाईल एवढीच फट. मी हिला खिडकीशी बोलावून दाखवलं. "बघ. आणि म्हणे नजर गेली."

"टेबलावरचा ग्लास दोनदा पाडला त्यांनी," ही म्हणाली.

हिचा हट्ट एकच – बाबांची किल्ली काढून घ्या. कारण पुढच्या महिन्यापासून मुलीला पोहायच्या क्लासला तेच नेणार आहेत, त्यांच्या गाडीतून. उभा जन्म बस चालवलेल्या माणसाकडे मी किल्ली मागू? मी सांगून टाकलं, बाबाच नेतील. शब्द दिलाय त्यांना.

जेवताना बाबांची जुनी टेप. "वाकणारं लोखंड कसलं रे लोखंड? आणि हात पक्का असेल तर कठडा लागतोच कशाला?" या कामाला लागलो तेव्हापासून हेच ऐकतोय. मान खाली घालून जेवलो. तेवढ्यात हिने विचारलं, "हमरस्ता जवळ पडतो, मग टेकडीवरून का येता?"

"गर्दी फार तिकडे," म्हणाले. ग्लास या खेपेला दोन्ही हातांनी धरला होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वळणावर नवं काही नाही. पोरगं सुधारलं बहुतेक.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबा उशिरा आले, दमलेले दिसले. फारसे जेवले नाहीत. मुलगी मात्र खूश – पुढच्या आठवड्यापासून आजोबांच्या शेजारी पुढे बसायला मिळणार. ही माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

या वेळी मोठा धक्का. दोन खांब आडवे, पट्टीने दरीकडे पोट काढलेलं. पण फाटली नाही, सुटली नाही. लंबू खाली डोकावून आला. मग म्हणाला, "वस्ताद, तुम्ही नट ढिला करायला लावला म्हणून. नाहीतर पट्टीसकट गेला असता तो."

छाती फुगली माझी, खोटं कशाला लिहू.

मग पट्टी उतरवताना बोल्टाच्या डोक्याला अडकलेला रंगाचा पोपडा निघाला. पांढरा. उलटा केला – खाली निळा.

निळ्या गाडीवर पांढरा रंग देणारा माणूस मला एकच माहीत आहे. मी. अंगणात, भाड्याने आणलेल्या फवाऱ्याने, बाबांच्या गाडीला. निळा नीट घासून काढायला हवा होता, तेवढा धीर नव्हता.

"काय, पोरगंच ना?" लंबूने विचारलं. पोपडा खिशात टाकला आणि त्याला पाना आणायला पाठवलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून थेट बाबांकडे गेलो. तिथेही गाडी भिंतीला चिकटून. फटीत हात घातला. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत पत्रा आत गेलेला, दाराची मूठ जागेवर नाही. आणि मी हिला खिडकीशी बोलावून कौतुक दाखवत होतो!

चहा झाला. किल्ली टीव्हीवर पडली होती. तिच्याकडे बघत बसलो, विषय काही निघेना.

"काम कसं चाललंय?" बाबांनी विचारलं.

"चाललंय."

उठून आलो. हिला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "रविवारी मी बोलू का?"

नको. मीच बोलेन.

१ मार्च, रविवार

बाबा बसने आले. मी तोंड उघडायच्या आत किल्ली माझ्या हातात ठेवली. रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती म्हणाले, बरेच दिवस.

"मग सरळ रस्ता सोडून त्या वळणाने कशाला यायचात?"

"सरळ रस्त्याला दगडी भिंत आहे. वळणावर तुझी पट्टी आहे."

पायातली चप्पल काढून नीट कडेला ठेवली. मग म्हणाले, "चांगली वाकते."