तिसऱ्या ओळीतलं रडणं

अहो,

तुमच्या परदेशातल्या कॉलेजात तुम्ही आपल्याकडच्या इतिहासावर भाषण केलंत, त्याचा व्हिडिओ वन्संनी दाखवला. अर्थही त्यांनीच सांगितला. चिमीला झोपवताना मी फोनवर गायलेलं गाणं तुम्ही सगळ्या वर्गाला ऐकवलंत. म्हणालात, ही गाणी आता नाहीशी झालीत. अहो, मी रोज दुपारी म्हणते ते. नाहीशी कशी झाली?

मास्तरांनी विचारलं, कोण गातंय? तर म्हणालात, "आमच्याकडची एक बाई."

वन्संसुद्धा म्हणाल्या, "वहिनी, दादाची जीभ कशी झडली नाही?" मी हसण्यावारी नेलं खरं. पण परीक्षा झाली की आम्हाला तिकडं न्यायचंय ना? मग आमची ओळख काय म्हणून करून देणार?

एवढंही गिळलं असतं. पण तिसऱ्या ओळीला चिमी रडली होती. मी थांबून तिला म्हटलं होतं, "रडू नको, बाबा ऐकतायत." तेवढंच तुम्ही कापून टाकलंत. लेक मध्ये आली का तुमच्या?

हे पत्र पाठवत नाही. हेही वर्गात वाचून दाखवाल.

तुमच्या लेकीची आई